दशांशचिन्हानंतरचे श्वास

“बाई, तुमचे श्वास कुठे गेले?”

छत्री कुठे ठेवली असं विचारावं इतक्या साध्या आवाजात फोनवरच्या माणसाने हे विचारलं. ती औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, हातात औषधांची पिशवी, आणि मागे कोणीतरी पायरी सोडा म्हणून खाकरत होतं. कळलं तर. कोणी सांगितलं याला? तापातून उठल्यापासून आपल्या उजव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा ओल्या कागदासारखा मिटून चिकटलाय, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं आणि धाकट्या बहिणीला. जिथे ती अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची त्या ग्रंथालयात तिने “जरा विश्रांती घेतेय” एवढंच कळवलं होतं. जरा विश्रांती, म्हणजे काय ते ज्याने त्याने समजून घ्यावं. “कोण बोलतंय?” तिने विचारलं, आणि तेवढं विचारायलासुद्धा मध्ये एकदा थांबावं लागलं. “मी टेलिफोनवाला. गणितातल्या पायचे आकडे मागितले होते ना तुमच्याकडे, तो.” मग त्याने भडाभडा सांगून टाकलं. त्याच्याकडची जुनी सीडी चरे पडून अडखळायला लागली होती, म्हणून त्याने ग्रंथालयातून नवी प्रत मागवली. नव्या प्रतीत आवाज तिचाच आहे, आकडेही तेच आहेत, पण ती श्वासच घेत नाही. “नळ सोडल्यासारखे आकडे येतात हो. मी तुमच्या श्वासावर पाठ केले होते. आता नवीन ऐकून ऐकून जुनंही विस्कटलं. दोनशेच्या पुढे माझी लाइनच लागत नाही. आणि शनिवारी सभासदांच्या मेळाव्यात हजार आकडे म्हणून दाखवायचं कबूल करून बसलोय.”

तिला आधी हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि ती लाज विरायच्या आत पुन्हा भीती वाटली. या वेळची भीती वेगळी होती, तिला नाव नव्हतं. ती चालायला लागली. फुटपाथवर पाण्याच्या लाइनसाठी सिमेंटचे मोठे पाइप आणून टाकले होते, एकात एक मांजर बसलं होतं, आणि तिच्या मनात आलं की या प्रत्येक गोल तोंडात तो पायचा आकडा बसलेला आहे, मांजराला त्याची दादही नाही. हा तिचा नवा चाळा नव्हता. टेलिफोनवाल्याने मागणी केली त्या वर्षीपासून तो तिला चिकटला होता. पातेल्याचा काठ, बसचं स्टिअरिंग, शर्टाचं बटण, कशाकडेही पाहिलं की वाटायचं, याचा घेर याच्या रुंदीने भागला की तीनच्या किंचित पुढे काहीतरी निघतं, आणि ते किंचित कुठेच संपत नाही. माणसाने हातात बटण धरावं आणि बटणातून असा रस्ता निघावा, की ज्याला शेवट नाही हे कधीच सिद्ध होऊन बसलंय! तिला वाचताना कशाचंही कौतुक वाटायचं, कादंबरीचं वाटायचं तसं खतांच्या माहितीपत्रकाचंही. पण या आकड्याने तिला कौतुकापेक्षा बेचैनीच दिली.

टेलिफोनवाला जन्मापासून आंधळा, आणि आयुष्यभर एका मोठ्या कार्यालयाचा टेलिफोन ऑपरेटर. हे त्यानेच पहिल्या फोनमध्ये सांगितलं होतं. साडेचारशे खोल्यांचे नंबर त्याच्या डोक्यात होते. कोणी नुसतं “पाणीपट्टी” म्हटलं की बोटं आपोआप जायची. पुढे प्रत्येकाच्या टेबलावर थेट फोन आला, एक्स्चेंज बंद झालं, आणि त्याला शाल आणि घड्याळ देऊन घरी पाठवलं. “बाई, माणसं रिटायर होतात हो, त्याचं काय. पण माझे नंबर रिटायर झाले. रात्रंदिवस डोक्यात घंटा वाजत राहिलेल्या, आणि पलीकडे कोणी नाही. मग कोणीतरी सांगितलं, असा एक नंबर आहे की जो कोणाला बंद करता येत नाही. म्हटलं, हा घ्यावा.” यंत्राच्या आवाजात तो सहज मिळाला असता. पण त्याला माणसाच्या आवाजात हवा होता. तिने आधी त्याच्यासाठी या आकड्याच्या इतिहासाचं एक छोटं पुस्तक वाचलं होतं, आणि तो एकेक प्रकरण ऐकून फोन करायचा. वर्तुळाच्या आत आणि बाहेर शहाण्णव बाजूंच्या आकृत्या काढून त्या आकड्याला दोन भिंतींमध्ये कोंडणारा प्राचीन गणिती त्याला फार आवडला. “बरोब्बर! आमच्याकडे तक्रार करणारा असाच पकडायचा. हाही नाही, तोही नाही, मधला.” समुद्रकाठच्या कुणा ज्योतिषाने शोधलेली न संपणारी बेरीज मात्र तिच्याच मनात राहिली. एक घ्यावा, तिसरा भाग काढावा, पाचवा घालावा, सातवा काढावा. उत्तर एकदा पलीकडे जातं, एकदा अलीकडे, झोक्यासारखं, आणि झोका लहान लहान होत जातो पण थांबत नाही. ते पान वाचताना तिला गरगरल्यासारखं झालं होतं. आणि तो गृहस्थ, ज्याने कित्येक वर्षं सकाळ-सकाळ बसून हाताने सातशे सात आकडे काढले, आणि पाचशे अठ्ठाविसाव्या ठिकाणी चुकला. तिथून पुढचं सगळं चूक. तो मरून गेला तरी सत्तर वर्षं कोणाला पत्ता नव्हता. त्यावर टेलिफोनवाला इतका हसला होता की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. “सत्तर वर्षं राँग नंबर! आणि कोणी खाली ठेवला नाही!” ती हसली नव्हती. तिला त्या माणसाची सकाळ दिसली होती, पाचशे सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आकड्यांच्या मधली, ज्या क्षणी काहीच वाजलं नाही, पडलं नाही, आणि तो तसाच पुढे लिहीत राहिला.

ग्रंथालयात फोन केला तेव्हा काचेपलीकडचा लगेच सापडला. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ती पहिल्यापासून याच नावाने हाक मारायची, कारण वर्षानुवर्षं तिने त्याला काचेपलीकडेच पाहिलं होतं, तोंड हलताना, ऐकू न येताना. तो खूश होता. “अहो बाई, सगळ्या जुन्या फायली धुऊन काढल्या. खाकरणं, पानं उलटणं, खुर्चीची कुरकुर, श्वास. एकदम चकाचक. तुमच्या तर इतक्या सुंदर झाल्यात, तुम्हाला स्वतःलाच ओळखू यायचं नाही.” “आणि मूळ?” “मूळ ठेवून काय लोणचं घालायचंय? जागा खातं ते.” त्याच्या आवाजातला आनंद हळूहळू कमी झाला. “का हो, काही चुकलं का?” तिने सांगितलं. मग तो म्हणाला, “हे कुणाच्या डोक्यात येणार? श्वास म्हणजे कचराच समजतात हो आमच्यात.” आणि मग, जणू फार सोपं असल्यासारखं, “तुम्हीच पुन्हा एकदा वाचा ना. पहिल्यासारखं.”

पहिल्यासारखं. घरी धाकटीने दार उघडलं, पाकीट हातातून काढून घेतलं, खिडकीशी धरून फोटो बघितला, जणू तिला त्यातलं कळत होतं. “हा पांढरा डाग कालपरवापेक्षा लहान वाटतोय का गं ताई? की माझ्याच चष्म्याला काही लागलंय?” तिने टेलिफोनवाल्याची हकिकत सांगितली. धाकटी कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. “म्हणजे छाती बिघडलीय आणि हिला पायाची पडलीय.” “पायाची नाही गं, पायची.” “तेच ते. डॉक्टरांनी गोळ्या वर उचलायला सांगितल्यात, आकडे नाही. चल, बस.” धाकटीने ते प्लास्टिकचं यंत्र पुढे केलं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलकी रंगीत गोळी, आणि तोंडात धरून ओढायची नळी. ओढलं की पहिली उडते, जोर लावला की दुसरी. तिसरी अजून जागची हलली नव्हती. “ही तिसरी आळशी आहे बघ, तुझ्यावर गेलीय,” धाकटी म्हणायची, आणि मग तोंड फिरवून उगाचच टेबल पुसायची. आज दुसरीसुद्धा मध्येच लटकून थरथरली आणि पडली. तिने यंत्र बाजूला ठेवलं. वाचन हे तिचं काम होतं असं ती लोकांना सांगायची, पण ते काम नव्हतं. नवऱ्याच्या मागे घरात उरलेल्या शांततेत ती रोज त्या डबीएवढ्या खोलीत जाऊन बसली होती आणि दुसऱ्यांची वाक्यं आपल्या छातीतून बाहेर सोडली होती. भरलेली छाती आणि रिकामी छाती, त्या दोन्हींच्या मध्ये कोणाचं तरी वाक्य. ते गेलं तर आपण कोण, हा प्रश्न तिने अजून पुरता विचारला नव्हता. विचारायला सुरुवात केली की श्वास पुरायचा नाही.

दुपारी धाकटी जरा आडवी झाली तेव्हा ती आकड्यांचा छापील कागद घेऊन आतल्या खोलीत बसली. दहा-दहाचे गठ्ठे, ओळीमागून ओळ, मुंग्यांसारखे. त्या वेळी तिने गठ्ठे पाळले नव्हते, आठवत होतं. गठ्ठ्यांवर थांबलं तर यंत्रासारखं वाटतं म्हणून ती श्वास येईल तिथे थांबली होती. पण कुठे? तिने डोळे मिटले. तीन, दशांशचिन्ह, एक चार एक पाच नऊ... आणि तिला काहीच आठवेना. हात कुठे होते ते आठवत होतं, काचेपलीकडच्याचा स्वेटर आठवत होता, माइकवरचा फोमचा बोळा आठवत होता, त्याला येणारा धुळीचा वास. श्वास नाही. जो माणूस श्वास घेतो त्याला तो कुठे घेतला ते ठाऊक नसतं, आणि एका परक्या, कधी न पाहिलेल्या माणसाला आपल्या छातीचा वरखाली नकाशा पाठ आहे. तिला एकाएकी अंगावरची ओढणी सारखी करावीशी वाटली. किती वर्षं? कोणाकोणाच्या घरात, कोणाच्या उशाशी, स्वयंपाकघरात, आपण असे श्वास टाकत फिरलो? आणि त्यातला एकही आपल्याकडे नाही. तिने पुन्हा सुरुवात केली. सहाव्या-सातव्या आकड्याला छाती आपटली, जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तशी. पुन्हा. पुन्हा आपटली, दुसऱ्याच जागी. आता श्वास ती घेत नव्हती, तो तिला धरून उभं करत होता, जिथे वाटेल तिथे. कागदावरचे आकडे मात्र तसेच शांत, कोणाची वाट न बघता पुढे गेलेले. त्यांना काय, त्यांना छाती नाही. एका चुकलेल्या गृहस्थाला ते थांबून सांगत नाहीत की बाबा, इथे वळायचं होतं. तिला त्यांचा राग आला, खराखुरा, माणसाचा यावा तसा. “ताई?” धाकटीने बाहेरच्या खोलीतून विचारलं, “रडतेयस की वाचतेयस?” “वाचतेय.” “मग जरा हळू वाच. मला वाटलं, रडतेयस.”

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात गेली. नाही सांगायलाच गेली होती. एवढं तिने बसमध्ये नक्की केलं होतं: त्याला समोर बसवून सांगायचं की शनिवारचं कबूल केलेलं मागे घ्या, ते श्वास आता जगात नाहीत, घेणारी छातीही नाही. तिने फोन करून बोलावलेला टेलिफोनवाला आधीच येऊन बसला होता. तिने त्याला ठेंगणा, जाडा, हसरा कल्पिला होता. निघाला उंच, हडकुळा, शर्टाची वरची गुंडी लावलेला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर असे ठेवलेले की जणू गुडघ्यांवरही बटणं असावीत. ती चार पावलं चालली नसेल तोच तो म्हणाला, “आजारी होतात तुम्ही.” विचारलं नाही, म्हणाला. “कोण म्हणालं?” “चालताना ऐकू येतंय. मला वाटलं, तुम्ही रागावून श्वास काढून टाकायला सांगितलंत की काय. चार दिवस तेच डोक्यात होतं. माझं काही चुकलं असेल, जास्त फोन केले असतील.” काचेपलीकडचा मध्येच उभा, अपराधी, हातात दोन पाण्याच्या बाटल्या. “वाचायच्या खोलीत दोघांना बसवायचा नियम नाही,” तो म्हणाला, आणि दुसरी खुर्ची आणायला गेला.

दार लागलं. भिंतींना मढवलेल्या त्या खोलीत आवाज कुठे आपटत नाही, तोंडातून निघतो आणि विरून जातो. ती म्हणाली, “मला जमणार नाही. मला आठवत नाही कुठे घेतले ते, आणि आठवलं तरी तेवढा दम नाही.” “बरं,” तो म्हणाला. आणि मग, “नुसती सुरुवात करून द्या. मधून नंबर लागत नाही माझा. सुरुवातीपासून जावं लागतं.” तिने कागद धरला. तीन. दशांशचिन्ह. एक चार एक पाच नऊ दोन सहा पाच, आणि छाती आपटली, ती थांबली. “इथे नव्हता,” तो पटकन म्हणाला. ती पुढे गेली. तीन पाच आठ नऊ सात, “इथेही नाही. अजून एक. नऊ. हां, इथे.” तिचा संताप झाला. “अहो, मग तुम्हीच सांगा ना कुठे होता!” “तेच तर मला सांगता येत नाही. पण नसलेला लगेच कळतोय.” तो खुर्चीत पुढे सरकला. “कळलं का तुम्हाला? तुम्ही चुकीच्या जागी घेतलात की माझ्या इथे,” त्याने बरगडीवर बोट ठेवलं, “काहीतरी नको म्हणतं. चुका हो बाई. बिनधास्त चुका.”

मग ती चुकत गेली. छाती जिथे पाडेल तिथे पडत गेली, आणि तो म्हणत गेला, नाही, नाही, अजून दोन, इथे. पहिल्या शून्याच्या आधी तिचा दम गेला तेव्हा मात्र त्याने हात वर केला. “हा बरोबर. इथे तुम्ही तेव्हाही थांबला होता. इतका वेळ शून्य येत नाही, आणि ते यायच्या आधी तुम्ही थांबता. दार वाजवण्याआधी माणूस पदर सारखा करतो तसं.” शून्य, ती म्हणाली. दोन आठ आठ चार एक नऊ सात एक. हळूहळू त्याचे नाही कमी झाले. तो ओठ हलवायला लागला, मग पुटपुटायला, तिच्या मागे, तिच्याबरोबर, आणि शंभराच्या पुढे कुठेतरी अर्धा आकडा पुढे. दोनशेशी ती पोचली, आठ एक नऊ सहा, आणि तिला खोकला आला. असा आला की कागद खाली गेला, डोळ्यांत पाणी आलं, काचेपलीकडचा उभा राहिला. तिने हाताने त्याला बस म्हटलं. आता हा अडखळणार. दोनशेच्या पुढेच तर त्याची वाट हरवली होती. पण समोर आवाज थांबला नव्हता. चार चार दोन आठ आठ एक शून्य नऊ सात पाच. तो म्हणत होता, मान किंचित वाकडी करून, लांबून येणारं ऐकत असल्यासारखा, आणि पाचनंतर त्याने श्वास घेतला.

तो तिचा होता. पुरुषाच्या छातीतून निघालेला, जाड, तरी तिचा. आधी ओठ मिटून, मग नाकाने, शेवटी अगदी बारीक झटका, लहानपणी आई ज्यावरून टोकायची तो. “मुलीच्या जातीने असं सुसकारू नये.” तिने पुढचा ऐकला. पुढचा. एक लांब, चौदा आकडे ओढून झाल्यावरचा, अधाशी. एक मध्येच गिळलेला, त्या दिवशी घसा सुकला असेल. एक उगाच, गरज नसताना, ऐटीत. इतका दम होता आपल्याला? तो माणूस आकडे म्हणत होता, आणि त्या आकड्यांच्या मधल्या फटींतून ती स्वतः चालत येत होती, ताप यायच्या आधीची, घाई नसलेली. तिला वाटलं उठावं, बाहेर जावं, हे ऐकणं बरं नाही. आणि तिला वाटलं, त्याने कधीच थांबू नये. सातशेच्या बऱ्याच पुढे तो म्हणाला, चार नऊ नऊ नऊ नऊ नऊ नऊ, आणि सहाव्या नऊनंतर त्याच्या श्वासाला एक लहानसा कंप आला, हसू दाबल्यासारखा. तो हसत नव्हता. चेहरा तसाच होता, कामावरचा. आठ तीन सात, तो पुढे गेला. हसली ती होती, केव्हातरी, या खुर्चीत, सहा नऊ एका ओळीत आलेले बघून किंवा काचेपलीकडे काही झालं म्हणून, आणि तिला त्याची आठवणही नव्हती. एका माणसाने ते हसू आहे का हे न विचारता श्वास म्हणून पाठ करून ठेवलं होतं. तिने तोंडावर हात धरला.

“एक नऊ आठ नऊ,” तो थांबला. हजार झाले. काचेपलीकडे दोन्ही हात वर गेलेले दिसले, टाळ्या वाजत असाव्यात, आत काहीच ऐकू आलं नाही. टेलिफोनवाल्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली. “लागला,” तो म्हणाला. “शनिवारचं मिटलं. तुम्ही याल ना?” “येईन.” “मधे ते सहा नऊ होते, तिथे तुम्ही काहीतरी वेगळं करता. मला वाटायचं, कोणीतरी बटण दाबून धरलंय म्हणून तुम्ही दचकता.” ती म्हणाली, “हसले होते मी.” “असं होय!” त्याने रुमालाची घडी घातली. “मग ते मी चुकीचं म्हणतो. हसून म्हणायला हवं.” “नको,” ती म्हणाली. “आहे तसंच राहू द्या.” बाटलीचं झाकण उघडून ती पाणी प्याली, दोन घोटांत थांबली, पुन्हा प्याली. आता उठायला हरकत नव्हती. त्याचं काम झालं होतं. ती तरी बसून राहिली, आणि तोही.

“कागद संपला का?” त्याने विचारलं. तिने खाली पडलेला कागद उचलला, उलटा केला. मागच्या बाजूलाही मुंग्या होत्या, काठापर्यंत. “नाही. पुढे आहे.” “मग?” “माझे आता असे येत नाहीत. तुम्ही ऐकलंत ना. चार आकड्यांत दम संपतो. आणि जागेवर येत नाहीत, एकासारखा दुसरा येत नाही.” “आकडे तरी कुठे येतात,” तो म्हणाला. “अहो, मला पुढचे जुने कुठे ठाऊक आहेत? तिथे तुम्ही अजून गेलाच नाहीत. जिथे घ्याल तोच बरोबर.” तिने काचेकडे पाहिलं. काचेपलीकडच्याने भुवया उंचावून विचारलं, तिने मान हलवली, आणि लाल दिवा लागला. तिने कागद मांडीवर ठेवला. तीन, तिने म्हटलं. आठ. शून्य. नऊ. छाती आपटली, ती थांबली, घशात शिट्टीसारखं काहीतरी वाजलं आणि माइकने ते घेतलं. पाच. दोन. पुन्हा थांबली. समोर त्याचे हात गुडघ्यांवर होते, ओठ मिटलेले, आणि तिच्यामागे किंचित उशिराने त्याची छाती वर आली, तिथेच, दोननंतर, थोडी थरथरून, आणि खाली गेली.